अकरा पोती काळी माती

९ जानेवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण सोबतचं पाकीट जपून उघड. आत माती आहे आणि तू अजूनही पांढरेच शर्ट घालत असशील.

मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस. फोन तर उचलतच नाहीस. पाच वर्षांत मी सात वेळा लावला. दोनदा तुझ्या बायकोने उचलला आणि "ते बाहेर गेलेत" म्हणाली, आणि मागून तुझा खोकला ऐकू आला. खोकला तोच आहे तुझा. औषध घे.

नमनालाच घडाभर तेल नको. माझं काम आहे म्हणून लिहितेय.

हॉस्पिटलच्या कपड्यांच्या विभागातून मी निवृत्त झाले त्याला साडेचार वर्षं झाली. एकतीस वर्षं चादरी शिवल्या. घरी बसून दोन महिन्यांत भिंती खायला उठल्या, तेव्हा मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर चढले. पाच मजले, लिफ्ट नाही. वर फुटक्या टाक्या, तुटकी खुर्ची आणि कबुतरांची घाण. आज तिथे सोळा वाफे आहेत. हॉस्पिटलात यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात ती खोकी मागून आणली, आतून बाद झालेल्या रबरी चादरी लावल्या. वर सावलीला जुन्या चादरी मी स्वतः शिवल्या. त्यामुळे आमच्या टोमॅटोंच्या डोक्यावर 'वॉर्ड ५' असा शिक्का आहे. बघणारे हसतात. हसू देत. सोळा घरांची भाजी त्या गच्चीवर होते आणि बेचाळीस घरांचं ओलं खरकटं तिथल्या दोन पिंपांत जिरतं. आमच्या दारातून ओल्या कचऱ्याची एक बादली बाहेर जात नाही. शेजारच्या दोन इमारतींतली माणसं येऊन मापं घेऊन गेली, त्यांच्याकडेही सुरू होतंय. तुझी ताई एवढंही करू शकते.

माणसं कोण, तर चौथ्या मजल्यावरचे घड्याळवाले. वय अठ्ठ्याहत्तर, दुकान मुलाला दिलं. ठिबकच्या नळ्या घड्याळाच्या चिमट्याने साफ करतात आणि कुणी घाईत पाणी घातलं की दिवसभर बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची ड्रायव्हरीण. शहरातली बस चालवते, सकाळची पाळी. तोंडाने फटकळ, मनाने तशीच फटकळ, आतबाहेर काही नाही. तिची चार वर्षांची मुलगी, चिमणी, मला मातीआजी म्हणते. वाफ्यातला पालक तोडून तिथेच बसून खाते, शेळीसारखा.

आमचा एक नियम तुला सांगते, कारण तो मी काढलाय आणि मला त्याची घमेंड आहे. पहिल्या सहा महिन्यांतच उन्हावरून भांडणं झाली. ज्याचा वाफा टाकीच्या सावलीत, त्याचा मुळा करंगळीएवढा. मग मी ठरवलं, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने एक वाफा पुढे सरकायचं, सोळावा पहिल्यावर येईल. आणि सरकताना जुन्या वाफ्यातली एक बादली माती बरोबर न्यायची, नव्या वाफ्यात मिसळायची. म्हणजे ऊनही सगळ्यांचं आणि चांगली मातीही सगळ्यांची. आम्ही त्याला 'सरक' म्हणतो. सरकेच्या दिवशी सोळा माणसं सोळा बादल्या घेऊन फिरतात. घड्याळवाले शिट्टी वाजवतात. या महिन्यात सोळा सरका झाल्या, फेरा पुरा झाला, मी परत माझ्या एक नंबरच्या वाफ्यावर आले.

आता काम. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी गच्चीवर कधी येत नाहीत, पण गच्चीबद्दल रोज बोलतात. एका कंपनीला तिथे जाहिरातीचा भलाथोरला फलक लावायचाय. वाफे गेल्याशिवाय तो लागत नाही. आधी म्हणाले गच्ची गळते. घड्याळवाल्यांनी पाचव्या मजल्याची छतं सगळ्यांना दाखवली, कोरडी ठणठणीत. मग म्हणाले डास होतात. डास त्यांच्याच खिडकीतल्या कुंड्यांत सापडले. आता म्हणतात, शहरातली माती विषारी असते, सरकारमान्य प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणा, एक मार्चच्या सभेत ठेवा, नाहीतर वाफे उतरवा.

तर तू आहेस मातीच्या प्रयोगशाळेत. पाकिटातली माती तपास आणि सही-शिक्क्यानिशी रिपोर्ट पाठव. माती चांगली काळी आहे, एका ओळखीच्या माणसाने दिलेली. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल. रिपोर्ट दे.

ताई


२८ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांनी लिहिलंस आणि मोजून सहा वाक्यं. "ताई, पाकिटात नारळाच्या काथ्याचा भुसा निघाला. तू काळी माती म्हणतेस. मी आपलं जुनं घर घेतलेल्या सुताराला जाऊन भेटलो. तो म्हणाला, अंगणात फरशी घालण्याआधी तू अकरा पोती माती नेलीस. रिपोर्ट जोडलाय, पाठवलेल्या मातीपुरता तो खरा आहे, कुठे दाखवायचा ते तू ठरव. कोणीकोणी खाल्लंय?"

मी ते वाचलं आणि आधी तुला पोटभर शिव्या दिल्या. मोठ्याने. समोरच्या घरातून खिडकी बंद झाली. काय समजतोस तू स्वतःला? तोंडाने ताई म्हणायचं आणि सुताराकडे चौकशी करायची, पोलिसासारखी! सरळ मला विचारलं असतंस तर?

तर मी खोटंच सांगितलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून नाही विचारलंस.

हो, ती बाबांच्या अंगणातली माती आहे. आईच्या लिंबाखालची. सुतार फरशी घालणार म्हणाला. मी हातगाडी घेऊन गेले, दोन खेपा केल्या. बाबा गेले, घर गेलं, तू गेलास. म्हटलं, निदान माती तरी ठेवीन. पहिले तीन वाफे तिनेच भरले. बाकीच्यांत बांधकामाची भरीची माती होती, त्यात काही धड येत नव्हतं. आणि आमच्या तीन वाफ्यांत बघशील तर पालकाला पंज्याएवढं पान. मला किती आनंद झाला असेल! मी रोज मनात तुला म्हणायचे, बघ रे शहाण्या, तू ज्या मातीला विष म्हणालास ना, त्या मातीत हे उगवलं. तुझ्या नाकावर टिच्चून उगवलं.

आणि ती चांगली माती सगळ्यांना मिळावी म्हणून मी बादलीचा नियम काढला. बाबांचं काहीतरी सोळा घरांत जावं असं वाटलं. गेलं. माझ्याच नियमाने, शिट्टी वाजवून, बादली बादली करून सगळ्या गच्चीवर गेलं. करायला गेले काय आणि झालं काय.

तुला एक सांगते, ते कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या पत्राबरोबर माती पाठवायची म्हणून मी चमचा घेऊन वर गेले होते. एक नंबरच्या वाफ्यासमोर बसले. गुडघे दुखले तरी बसले. आणि चमचा कोरडाच घेऊन खाली आले, खिडकीतल्या कुंडीतली विकतची माती पाकिटात भरली. मी त्या वेळी स्वतःशी म्हटलं, वरची माती ओली आहे, टपालात पाकीट फुटेल. कुंडीतली काय वाळवंटातली होती? चोराच्या मनात चांदणं. हात कुंडीकडे वळला म्हणजेच मला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते विचारू नकोस. मला नाही सांगता येणार.

बॅटऱ्यांचं दुकान त्या अंगणातच; बाबा जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं कढईत वितळवायचे. आई शेजारी बसून पट्ट्या घासायची आणि घासलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतायची. लिंबाला लिंबं लागायची. पुढे आईच्या मनगटातली ताकद गेली. भांडी हातातून निसटायची आणि बाबा ओरडायचे, लक्ष कुठाय तुझं. तू तेव्हा कॉलेजात होतास. मी तिथेच होते, स्वयंपाकघरात, निसटलेली भांडी उचलायला. मी हे सगळं बघितलंय आणि तरी बाबांच्या समाचाराला आलेल्या माणसांदेखत तू म्हणालास, "बाबांच्या दुकानाने आईला खाल्लं," तेव्हा मी तुझ्या थोबाडीत दिली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. तू चपला घातल्यास आणि निघून गेलास.

तेव्हा मला एवढंच दिसत होतं की त्याच दुकानावर तुझी फी भरली, माझं लग्न झालं, मोडलं तेव्हा मला परत घेतलं. बाबांना माहीत असतं तर त्यांनी आईला त्या कढईजवळ बसवलं असतं का? नसतं. हे अजूनही म्हणेन, तुझ्या तोंडावर म्हणेन. पण मला माहीत होतं. त्या अंगणात शिसं मुरलंय, हे तू सांगितलं होतंस. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. तो फरक मला आज दिवसभर सोडत नाहीये.

तुझा तो स्वच्छ रिपोर्ट टेबलावर आहे. सही, शिक्का, सगळं. सभेत ठेवला की सेक्रेटरींचं तोंड बंद. गच्ची वाचेल, सोळा घरांचं काम वाचेल, माझं नाव वाचेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तो दोनदा पिशवीत घातला, दोनदा बाहेर काढला. तू तो पाठवलासच का? मला जोखायला? तसं असेल तर तुझा राग येतो. आणि माझ्यावर भरवसा ठेवून पाठवला असशील तर जास्तच येतो.

सकाळपासून गच्चीला मी कुलूप लावलंय. टाकीची दुरुस्ती आहे म्हणून सांगितलं. आणखी एक थाप. मघाशी चिमणी दार वाजवून गेली, मातीआजी, वर कधी जायचं? येत्या सरकेला माझा एक नंबरचा वाफा तिच्या आईकडे जाणार होता. तिने आत्तापासून त्याच्या कडेला रंगीत दगड मांडून ठेवलेत.

कोणीकोणी खाल्लंय विचारलंस ना? सोळा घरांनी. चार वर्षं. सगळ्यात जास्त मी खाल्लं, आणि सगळ्यात लहान चिमणीने.

या पार्सलात सोळा पाकिटं आहेत, प्रत्येकावर वाफ्याचा नंबर. या वेळी चमचा वाफ्यातच घातलाय. जे निघेल ते लिही, गाळू नकोस, माझी कीव करू नकोस.

आता तिसऱ्या मजल्यावर जाऊन ड्रायव्हरणीला सांगते आणि तशीच खाली उतरून पार्सल टपालात टाकते. आधी टपाल आणि मग ती, असं करणार होते. पण मग रस्त्यातून परत येताना माझे पाय कुठे वळतील याचा मला भरवसा नाही.

ताई


४ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझा रिपोर्ट वेळेवर मिळाला आणि सूचनांची पाच पानंही मिळाली. तू सहा वाक्यांवरून पाच पानांवर आलास, प्रगती आहे. आता सगळं सांगते, क्रमाने.

ड्रायव्हरणीला मी दारातच सांगितलं. आत या म्हणाली, मी गेले नाही. बसले असते तर रडले असते आणि तिला मला पाणी द्यावं लागलं असतं. माती कुठली, बाबांचं दुकान काय, तू मला पाच वर्षांपूर्वी काय सांगितलं होतंस, सगळं उभ्याउभ्या सांगितलं. कुंडीचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. गणवेश अंगावरच होता, नुकती पाळी संपवून आली होती. शेवटी म्हणाली, "तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही," आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग एकेक करून उरलेल्या चौदा घरांत गेले. कुणी काय म्हटलं ते सगळं लिहीत नाही. एकीने विचारलं, दुसऱ्याच्या घरात विष वाटताना हात कसा नाही थरथरला? मी म्हटलं, घमेंडीत होते, थरथरणार कसा. घड्याळवाल्यांनी भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मी उभी असतानाच एक घड्याळ उघडून बसले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "शिट्टी मी वाजवत होतो." एवढंच. या माणसाची काय चूक? पण म्हणाले खरे.

सोळाही घरांनी रक्त तपासलं. मोठ्या माणसांत माझ्या रक्तात सगळ्यात जास्त शिसं निघालं, ते योग्यच झालं. बाकीच्यांचं, माझ्या जुन्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली, काळजीसारखं नाही. चिमणीचं मर्यादेच्या थोडं वर आहे. थोडं. ती म्हणते वेळेत कळलं, आता आत जाणं थांबलं की उतरत जाईल, दोन महिन्यांनी परत बघू. मी दिवस मोजतेय. तू लिहिलंस की एवढ्यावर सहसा कायमचं नुकसान होत नाही. 'सहसा' लिहिलंस. खोटा धीर दिला नाहीस, त्याबद्दल तुला काय म्हणू? बरं केलंस.

तुझे सोळा आकडे मी मोठ्या कागदावर लिहिले. एकही वाफा सुटला नाही. पहिल्या तिनांत सगळ्यात जास्त, पुढे कमी कमी होत गेलेलं. माझी बादली कुठे कुठे गेली त्याचा नकाशाच तो. तळमजल्यावर नोटिसांचा फळा आहे, तिथे सभेच्या दोन दिवस आधी लावला. शेजारी तो स्वच्छ रिपोर्टही लावला आणि खाली लिहिलं: 'हा माझ्या खिडकीतल्या कुंडीचा आहे. फसवायला आणला होता. ही माती मी आणली.' आणि सही केली. एकतीस वर्षं चादरींच्या कोपऱ्यावर सुईदोऱ्याने नंबर घातले, नाव घालायची ही पहिलीच वेळ. सेक्रेटरी फळ्यासमोर इतका वेळ उभे होते की त्यांचा चहा गार झाला असेल.

आता सभा. बेचाळीस घरांपैकी चाळीस आली होती. पाण्याच्या प्रश्नावरही कधी एवढी येत नाहीत. सेक्रेटरींनी फार गोड सुरुवात केली. म्हणाले, बाईंनी प्रामाणिकपणे कबूल केलं, त्यांचं कौतुक, पण आता गच्ची कायमची बंद करणंच सगळ्यांच्या हिताचं. फलकाचं नाव काढलं नाही. मी उभी राहिले. माझ्या तोंडावर बोलायचं ते बोला, म्हटलं, मी इथून हलणार नाही. चूक मातीची नाही, गच्चीची नाही, सोळा घरांची तर अजिबात नाही. चूक माझी. मला काढा. वाफ्यांना हात लावायचा नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, वा, चोर तो चोर वर शिरजोर. माणसं हसली. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर. पण मी खाली बसले नाही. शिरजोर तर शिरजोर. चूक केली म्हणून मान खाली घालायची आणि मान खाली घातली की दुसऱ्याने गच्ची उचलून न्यायची, हा कुठला न्याय? तुझी पाच पानं मी वाचून दाखवली. वाफे खोक्यांत आहेत, खाली रबर आहे, म्हणजे सगळी माती काढता येते. धूळ उडू नये म्हणून आधी ती ओली करायची, तोंडाला फडकं, हातांत मोजे, दुहेरी पोती, शिवून बंद करायची. पोती उकिरड्यावर टाकायची नाहीत, विषारी कचऱ्याच्या जागेतच पोचवायची, गाडीचं तू बघतोस. खोकी धुऊन परत तपासायची. मग नवी माती, तीही आधी तपासून.

सेक्रेटरी म्हणाले, एवढा खटाटोप कशासाठी? आणि मग ड्रायव्हरणीकडे वळून म्हणाले, ताई, मी हे तुमच्या लेकीसाठी बोलतोय.

ती शेवटच्या रांगेत होती. महिनाभर तिने माझ्याकडे बघितलेलं नव्हतं. जिन्यात मी दिसले की भिंतीला लागून पुढे निघून जायची. मला वाटलं, संपलं आता, हिने एक शब्द टाकला की गच्ची गेली, आणि तिला तो टाकायचा पूर्ण हक्क आहे. मी मनातून तयारीही केली. ती उठली, सेक्रेटरींच्या टेबलापर्यंत चालत गेली.

"माझ्या पोरीच्या रक्ताचं नाव घेऊन तुम्ही तिथे फलक लावायचा नाही," ती म्हणाली. "या बाईशी माझं काय ते मी बघीन. या जन्मी बोलीन, नाही बोलणार, तो माझा प्रश्न. पण गच्ची मी सोडणार नाही. माझी पोर तिथे चालायला शिकलीय."

मग घड्याळवाल्यांनी खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. हात वर करायला सांगितले. सगळे हात आमचे नव्हते, पण पुरेसे होते. ठरलं ते असं: एप्रिलअखेर सगळी माती बाहेर, सोळाही वाफ्यांचा स्वच्छ रिपोर्ट फळ्यावर, तोवर गच्चीवर फलक लागणार नाही. नाही जमलं तर गच्ची त्यांची. सेक्रेटरी म्हणाले, बघू जमतंय का. बघाच, म्हटलं.

आम्ही आमचीही बैठक घेतली. सरक राहणार, बादली बंद. जो सरकेल त्याने रिकाम्या हाताने सरकायचं. दर वर्षी माती तपासायची, आणि चमचा घालणारा माणूस त्या वाफ्याचा नसेल. हे शेवटचं ड्रायव्हरणीने सुचवलं, माझ्याकडे न बघता. मी सगळ्यांत आधी हात वर केला. मला एक फेरा वाफा नाही, म्हणजे चार वर्षं. हे मीच सुचवलं. घड्याळवाले म्हणाले, चार वर्षांनी मी असेन का तुम्हाला वाफा द्यायला? मी म्हटलं, नसलात तर शिट्टी कोण वाजवणार, असावंच लागेल.

कालपासून काम सुरू झालं. पोती शिवायला माझंच जुनं दाभण बाहेर काढलं. दोन खोकी रिकामी केली, आठ पोती भरली. एक नंबर अजून तसाच आहे. तो मी शेवटी ठेवलाय, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावू नये असं सांगितलंय. चिमणीचे दगड मी धुऊन, परत धुऊन, डबीत घालून तिच्या दाराशी ठेवले. संध्याकाळी डबी दाराशी नव्हती. कुणी उचलली, फेकली की ठेवली, मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

आता तुझं आणि माझं.

बाबांबद्दल मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, ते वाईट नव्हते. पण आईला त्या दुकानाने खाल्लं, हे तू म्हणालास ते खरं होतं. हे मी लिहून देतेय, सही करून. हा कागद तू फळ्यावर लावलास तरी चालेल. थोबाडीत दिली त्याची माफी मात्र पत्रात मागणार नाही. हात मी समोर उभं राहून उचलला होता, माफीही समोर उभं राहूनच मागेन.

तर तू ये. एक नंबरचा वाफा उपसायला ये. ती माती जितकी माझी तितकीच तुझी आहे, आणि ती आईची आहे, ती परक्या माणसांनी पोत्यात भरलेली मला चालणार नाही. जुना शर्ट घालून ये. 'मी सांगितलं होतं' हे तुला म्हणायचंच असेल, आणि तू म्हणणार, मी तुला ओळखते, तर जिन्यात म्हणून घे. पाच मजले आहेत, लिफ्ट नाही. हवं तितक्या वेळा म्हण, मोठ्याने म्हण, बेचाळीस घरांना ऐकू जाऊ दे. मी पुढे चालत असेन, गुडघ्यांमुळे सावकाश, एकही शब्द उलट बोलणार नाही. पण गच्चीच्या दाराशी आलास की थांब. तिथून पुढे काम आहे.

दुसरं फावडं मी आणून ठेवलंय.

तुझी,
ती माती आणणारी
ताई